आनंदी उगीच बसते

"खंय चललंस गे वयनी, टोप घेवन?" दत्तारामने विचारले.

"मसणात," आनंदी म्हणाली. "येतंस?"

बाकड्यावरचे दोघेतिघे हसले आणि दत्तारामच्या तोंडाकडे बघून लगेच गप्प झाले. फेरीबोटीच्या धक्क्यावरचे ते चहाचे दुकान आनंदीचे, बाकडेही तिचेच. आणि त्या बाकड्यावर बसून, तिनेच केलेला चहा पिऊन तिलाच अडवणारा हा दीरही, दुर्दैवाने, तिचाच होता.

"भिकू मास्तराक पेज व्हरतंस मां?"

"जाणा तर विचारतंस कित्याक?"

"त्या घरात कोणी वचूचां नाय, असां ठरलां हा, वयनी."

"तुमचां ठरलां. माका कोणी विचारूक नाय. आणि जानकी मेली हा रे. मेलेली बायल खंयच्या बाजूची, ता आधी ठरवा. मगे माका सांगा."

तिने चुलीतली लाकडे मागे ओढली, विस्तवावर पाणी शिंपडले आणि पदर खोचून चालू लागली. गिऱ्हाइके बसलेली असताना दुकान बंद करायची तिची ही पहिली वेळ नव्हती. चोपडे गावाकडून येणारे लोक तिला तोंडावर आनंदीकाकी आणि पाठीमागे 'मिरसांग' म्हणत. ते तिला ठाऊक होते. मिरची नसली तर तुमच्या माशांच्या हुमणाला कुत्रे विचारणार नाही, असे तिचे त्यावर म्हणणे होते.

एकोणीसशे सत्त्याऐंशीचा फेब्रुवारी होता तो. पणजीत भाषेचा कायदा झाला होता. कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही जागा राहिली, आणि दोन्हीकडच्या लोकांना आपणच बुडालो असे वाटले. बुडालेला माणूस हाताशी असेल त्याला धरून खाली ओढतो. आनंदीच्या वस्तीच्या, खाजनवाड्याच्या, हाताशी भिकाजी मास्तर होता.

वाडा सगळा मराठीच्या बाजूचा. देवळातली पोथी मराठी, कीर्तन मराठी, जत्रेतले नाटक मराठी. त्यात आनंदीला काही खोटे वाटत नव्हते. तिची आई पोथी ऐकता ऐकताच मेली होती. पण तिठ्यावर मुठी उगारून मराठीसाठी घोषणा देणारे हेच पुरुष घरी आल्यावर बायकांना शिव्या कोणत्या भाषेत घालत, तेही तिने ऐकले होते. आणि भिकाजी मास्तर? त्याने सारा जन्म शाळेत मराठी शिकवली. 'आसा' म्हणणाऱ्या पोराच्या तळहातावर छडी मारून त्याच्याकडून 'आहे' म्हणवून घेतले. पेन्शनीत निघाल्यावर त्याला एकदम आपल्या आईची भाषा आठवली, आणि कायद्याच्या आदल्या वर्षी पणजीच्या सभेत जाऊन त्याने भाषण ठोकले. आनंदीच्या मते दोघांचीही लायकी एकच होती. तिच्या दुकानातल्या कपबशा जास्त शहाण्या होत्या, त्या निदान रिकाम्या असताना वाजत तरी नसत.

भाषणानंतर मास्तराच्या दारावर शेण पडले. पहाटे सायकलवरून पोंय पोंय करत येणाऱ्या पाववाल्या पदेराला सांगण्यात आले की त्या दारात भोंगा वाजवायचा नाही, उंडे द्यायचे नाहीत. पेडण्याचा न्हावी यायचा बंद झाला. हे सगळे मास्तराला शिक्षा म्हणून. पण मास्तर दिवसभर पुस्तकात डोके घालून बसलेला, त्याला काय कळणार? विहिरीवर जायची ती त्याची बायको जानकी. पोहरा सोडला की बाजूच्या बायका आपापल्या कळशा उचलून मागे सरायच्या. पौषात तिला ताप आला, तो छातीत उतरला, आणि ती गेली.

खांदा द्यायला मात्र माणसे आली. मेल्याशी वैर नाही म्हणतात. चौघांनी उचलली, नदीवर पाय धुतले आणि परस्पर आपापली घरे गाठली. वाड्यावर कोणी गेले की दत्तारामचे भजन मंडळ रोज तिन्हीसांजेला त्या घरी टाळ घेऊन बसे, बारावा दिवस होईपर्यंत. तशी वाड्याची रीतच होती. मास्तराच्या घरी टाळ वाजला नाही. वाळपईला दिलेली मुलगी आली, तिसऱ्या दिवशी तान्हे पोर काखेला मारून परत गेली. बाराव्याला येते म्हणाली.

आनंदीला त्या टाळांचे कौतुक होते असे मात्र कोणी समजू नये. तिचा नवरा होडीवरून पडून गेला तेव्हा हेच मंडळ तिच्या पडवीत रोज बसले होते. सुरेख गायले. तबला कोणी वाजवायचा यावरून भांडले. चहा दोनदा घेतला. उठताना दत्तारामने डोळे मिटून सांगितले होते, "वयनी, देवाक बरीं माणसां आवडतत. म्हणान तो तेंका बेगीन व्हरता." आनंदीने मनात म्हटले, तर मग तू शंभर वर्षे जगणार. ते गेल्यावर घर असे गप्प झाले की तिने रिकामा टोप जमिनीवर आपटून पाहिला. आवाज तरी व्हावा म्हणून.

मास्तराच्या घराचे दार उघडे होते. मास्तर आरामखुर्चीत, दाढी वाढलेली, सदरा उलटा घातलेला.

"कित्याक आयलें तूं?" मास्तराने विचारले. तो आता हट्टाने अशीच, पुस्तकातली वाटावी अशी कोंकणी बोले.

"उगीच."

"पेज दवर थंय. आनी वच. म्हाका कोणाची दया नाका."

"दया करूक माका सवड खंय आसा?" असे म्हणून आनंदी उंबऱ्याच्या आतल्या बाजूला फतकल मारून बसली. पिशवीतून तिने चिंचा काढल्या आणि विळीवर चिंचोके काढायला सुरुवात केली. दुकानात तिला त्या लागतच. घरी बसून काढायच्या त्या इथे बसून काढल्या.

मास्तराने पेज खाल्ली. "मीठ चड जालें," तो खारट तोंड करून म्हणाला.

"तुमचां नशीब. हयसर येवन घालूक मीठ तरी आसा."

दुसऱ्या दिवशीही ती आली आणि तिसऱ्याही. सांत्वनाचा एक शब्द तिने काढला नाही. तिला त्याचा तिटकाराच होता. माणूस मेल्यावर लोक जे बोलतात ते स्वतःची जीभ थंड करायला बोलतात, असे तिचे मत. सातेरी देवीपुढे ती रोज दिवा लावी, पण हात जोडून काही मागत नसे. आपण मागावे आणि तिने द्यावे असा दोघींचा व्यवहार नव्हता. भरल्या घरात माणूस मेले की त्या घरात दुसरे माणूस जाऊन बसायचे, एवढेच तिला कळत होते. ते बसलेले माणूस चांगले असायला हवे अशी अट तिने कुठे ऐकली नव्हती.

मास्तर मात्र बोलायचा. चार-पाच दिवसांनी त्याला कंठ फुटला. जानकीविषयी नव्हे, भाषेविषयी. मातृभाषा म्हणजे काय, पोर्तुगिजांनी काय केले, वाड्यावरचे गाढव लोक कसे काय समजत नाहीत. हात वर-खाली करत, जणू पुढ्यात शाळा भरली आहे. आनंदीने निम्म्या टोपलीपर्यंत ऐकून घेतले. मग विळी आडवी ठेवली.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमची बायल मेली हा. भास न्हय."

मास्तराचा हात वरच राहिला. तो हात हळूहळू खाली आला आणि मास्तर रडू लागला. त्याला रडायची सवय नव्हती. नाक वाहू लागले, खालचा ओठ लोंबला, आवाज बकऱ्यासारखा निघाला. आनंदीला ते बघवेना. शिकलेला माणूस, पण रडायची अक्कल नाही, असे तिला वाटले. तिने कोपऱ्यातला तुवाला त्याच्या अंगावर फेकला आणि विळी पुन्हा उभी केली. उठली मात्र नाही.

दुकानाचे व्हायचे ते झाले. धक्क्याच्या पलीकडच्या टोकाला एकाने नवा स्टोव्ह मांडला होता. मंडळाची माणसे तिकडे जाऊ लागली. त्यांच्या मागोमाग इतर. सकाळच्या बोटीला ज्या बाकड्यावर जागा मिळत नसे, तिथे कुत्रे झोपू लागले. आनंदीने दूध निम्मे केले, मग आणखी निम्मे. भजी तळणे सोडून दिले. तिला राग आला तो गिऱ्हाइके गेली याचा नव्हे. तो पलीकडचा चहा गुळवणी पाणी होता, आणि ही माणसे तत्त्वासाठी म्हणून तो मिटक्या मारत पीत होती, याचा.

बाराव्याच्या आदल्या दिवशी दत्ताराम आला. कपाळाला बुक्का, आवाजात मध.

"वयनी, माका वायट दिसता. घरचां माणूस तू. येत्या आयतवारा देवळात ये, देवीपुढे नारळ ठेव. हांव गाऱ्हाणां घालतंय. चूक जाली म्हण, सगळां पयल्यासारख्यां जातलां."

"खंयची चूक?"

"तुका खबर आसा."

"नाय. सांग. हांव अडाणी. देवीक काय सांगू? मेलेल्याच्या घराक जावन बसलंय, माफ कर, असां?"

दत्तारामने डोळे मिटले. उत्तर सुचत नसले की तो असेच करी; लोकांना वाटे ध्यान लागले.

"डोळे उघड रे," आनंदी म्हणाली. "तुझो आवाज बरो. देवान दिललो. इतके दिवस त्या घरात तो आवाज जाय होतो. तू तो घरात ठेवन कुलूप घातलंस. आता नारळ माझ्याकडेन मागतंस?"

तो गेला. तिने त्याचा न प्यालेला चहा नदीत ओतला, आणि मग तिला एवढ्या दुधाचे वाईट वाटले.

बाराव्याला वाळपईची मुलगी आली नाही, पोराला गोवर निघाला होता. भटजी पेडण्याहून आला. त्याला वाळीत-बिळीत काही नव्हते, दक्षिणा मिळाली की झाले. स्वयंपाक आनंदीनेच केला. भात, वरण, पाच भाज्या झाल्या, आणि तिने सहज विचारले, "मास्तर, जानकीक काय आवडतालां? तां पानात वाढूक जाय."

मास्तर दाराला टेकून उभा होता. तो म्हणाला, "खतखतें." थोड्या वेळाने म्हणाला, "ना. तें म्हाका आवडतालें." मग त्याने आठवायचा प्रयत्न केला. कपाळावर आठ्या घालून, पाठांतर विसरलेल्या पोरासारखा. "ती सगळेंच खाताली... म्हजें जेवण जातकीर उरलें तें."

आनंदीलाही ठाऊक नव्हते. इतकी वर्षे दोन घरांच्या अंतरावर राहून, एकाच विहिरीवर पाणी भरून, जानकीला काय आवडते हे तिने कधी विचारले नव्हते. आणि त्या पौषात विहिरीवर जानकीने पोहरा सोडला, तेव्हा मागे सरलेल्या बायकांत आनंदी नव्हती खरी. कारण ती दुकानात होती. पण ती मुद्दाम विहिरीवर जाऊन उभीही राहिली नव्हती. तिने पानावर थोडे थोडे सगळेच वाढले. तो दिवस ती कोणालाच काही टाकून बोलली नाही.

त्यानंतर जाण्याचे खरे तर कारण उरले नव्हते. तरी चिंचा संपल्यावर ती कोकमाची भिरंडे घेऊन जाऊ लागली. मास्तर कमी बोलू लागला होता. कधी कधी दोघे बोटीचा भोंगा होईपर्यंत नुसते बसत, आणि मग ती उठून येई.

मे महिन्याच्या शेवटी गोवा राज्य झाले. पणजीत दिवे लागले, पेडण्याच्या बाजारात पेढे वाटले, आणि एकमेकांची तोंडे न बघणाऱ्या माणसांना अचानक कळले की आपण सगळे गोंयकार. कोणी पुढारी म्हणे वाड्यावर येणार होता आणि त्याला गावात एकी दिसायला हवी होती. भजन मंडळ टाळमृदंग घेऊन मास्तराच्या दारात हजर झाले. पुढे दत्ताराम, हातात अबोलीचा हार, सोबत तो पुढारी.

"मास्तर, तुमी आमचे गुरू," दत्ताराम म्हणाला. "जालां गेलां गंगेक मेळ्ळां."

आनंदी आत चुलीपाशी होती. तिला वाटले, आता हा म्हातारा त्यांना उभे जाळील. चार महिने! बायको गेली तेव्हा कुठे होता, एवढे तरी विचारील. ती हातातली पळी तशीच धरून दाराआड आली.

मास्तराने मान पुढे केली. हार गळ्यात पडला. त्याचे डोळे पाणावले, तो दत्तारामला कवटाळून उभा राहिला, आणि मग जे बोलू लागला ते थांबेना. राज्य, भाषा, बंधुभाव, माती. मंडळींनी माना डोलावल्या. जानकीचे नाव एकदाही निघाले नाही. भजन झाले, दत्तारामचा आवाज इतका गोड लागला की आनंदीला त्याचा जास्तच संताप आला. तिने सगळ्यांना चहा दिला, कारण चहा कोणीतरी द्यायचाच होता.

"ही आमची शेजारीण," मास्तराने पाहुण्या पुढाऱ्याला सांगितले. "पेज बरी करता. मीठ मात चड."

सगळे हसले. आनंदीने कप गोळा केले, धुतले, पालथे घातले आणि मागच्या दाराने निघून आली. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. त्यानंतरही नाही. तिच्या बाकड्यावर गिऱ्हाइके परत आली होती. पलीकडचा चहा वाईट असल्याचा शोध सगळ्यांना एकाच दिवशी लागला. तिने कोणाला नाही म्हटले नाही. फक्त दत्तारामच्या चहात साखर घालणे सोडून दिले, आणि त्याने ते मुकाट्याने पिऊन घेतले.

आठवड्याभरात बातमी आली. रस्त्याच्या कामावर कोल्हापूरकडची माणसे आली होती, धक्क्याच्या वर खडीच्या ढिगाऱ्यांपाशी त्यांच्या झोपड्या होत्या. त्यातल्या एका बाईचे तान्हे मूल जुलाब-उलट्यांनी गेले. शेवंती तिचे नाव. दुकानावर दूध मागायला येत असे.

"घाट्यांचां पोर गेलां खंय," बाकड्यावर कोणीतरी म्हणाले.

"वायट जालां," दत्ताराम म्हणाला आणि बशीत चहा ओतला.

"मंडळ खंयच्या वेळार जातलां?" आनंदीने विचारले.

"थंय? ती भायलीं माणसां गे वयनी. आज आसत, फाल्यां नाय."

"मराठी उलयतत रे तीं," आनंदी म्हणाली. "घरात पण. झोपेत पण. तुमी जिच्यासाठी मास्तराच्या दारावर शेण उडयलांत, तीच ती. वचा, आयकून येवा एकदा."

दत्तारामने डोळे मिटले. आनंदीने विस्तवावर पाणी मारले, किटली उचलली आणि गिऱ्हाइकांना तसेच बसलेले सोडून ती चढावर निघाली.

मुलाला घेऊन पुरुष कुठेतरी पुरायला गेले होते. शेवंती झोपडीच्या तोंडाशी बसली होती, वीस-बावीस वर्षांची असेल. आत लुगड्याची झोळी टांगलेली, रिकामी. ती हाताने झोळीला झोका देत होती.

"तुमी कोन वो?" तिने विचारले.

"आनंदी. सकाळी तू दूध न्हेतंस मां, ती."

"दूध संपलंच न्हाई त्याचं," शेवंती म्हणाली. "अजून भांड्यात हाय बगा."

आनंदीला पुढे सगळे कळले नाही. शेवंती भरभर बोलत होती, आणि तिच्या बोलण्यात असे शब्द होते जे वाड्यावर कोणी बोलत नसे. आनंदीने 'हय' म्हटले नाही की मान हलवली नाही. किटलीतला चहा तिच्यापुढे ठेवला, तो निवला. ती तिच्या बाजूला खडीवर बसून राहिली, पुरुष परत येईपर्यंत आणि ते आल्यावरही थोडा वेळ.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. ऊन चढले होते. दुपार कलण्याच्या सुमाराला चढावर छत्री दिसली. छत्रीखाली मास्तर होता. धोतर, कोट, धापा टाकत आलेला. तो तिला शोधत आला होता की शेवंतीकडे, हे त्याने सांगितले नाही आणि आनंदीने विचारले नाही. आला कशाला हा, असे मात्र तिच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेले होते.

मास्तर झोपडीसमोर उभा राहिला. त्याने त्या मुलीकडे पाहिले, झोळीकडे पाहिले. मग सवयीप्रमाणे घसा खाकरला आणि उजवा हात थोडा वर उचलला. शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले होते, हे आनंदीला दिसत होते. फक्त ते कोणत्या भाषेतले, एवढेच कळत नव्हते.

तिने एकदाच त्याच्याकडे पाहिले.

मास्तराने तोंड मिटले. छत्री मिटली. चपला काढून बाजूला ठेवल्या आणि तापलेल्या खडीवर अवघडून बसायला वाकला. तेव्हा शेवंतीने, वडीलधारे माणूस बघून, डोक्यावर पदर ओढून घेतला, आपल्या खालचे पोते काढले आणि त्याच्याकडे सरकवले.